अर्ज आणि अर्जदार

(संघाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी साहाय्यक निधीच्या चिटणिसांनी केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'निधीचा नवा संगणकीय कारभार' असा विषय छापला आहे. भोजन आणि नाटक यांच्या मध्ये असा रुक्ष विषय घालणाऱ्या कार्यकारी मंडळाच्या धैर्याचे मला कौतुक वाटते. पडद्यामागे नटमंडळी रंग लावून बसली आहेत. त्यांचा रंग ओघळू लागण्यापूर्वी मी आटोपते घेईन, असे आश्वासन प्रारंभीच देऊन ठेवतो.

विषय रुक्ष असला तरी अप्रस्तुत खास नाही. आपल्या निधीकडे येणारे विद्यार्थ्यांचे अर्ज दोन वर्षांपूर्वीपासून सॉफ्टवेअरच्या द्वारे स्वीकारले, छानले आणि निकालात काढले जाऊ लागले. तेव्हापासून आपल्या मंडळींत दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की, आता सर्व कारभार चोख झाला, चिटणिसांनाही विशेष काम उरले नाही. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, पूर्वजांनी पै-पैशाने जमविलेला निधी आम्ही यंत्राच्या हवाली केला आणि माणुसकीस रजा दिली. आज दुपारी जेवणाच्या पंगतीतही हे दोन्ही सूर माझ्या कानांवर आले. दोन्ही तटांस मी आज थोडे थोडे नाराज करणार आहे.

आधी थोडे माझ्याविषयी सांगणे भाग आहे, कारण मी स्वतः या निधीचा ऋणको आहे. १९७४ साली मी राजापूर तालुक्यातील एका शाळेतून अकरावीची एस.एस.सी. उत्तीर्ण झालो. त्या काळी निधीचा अर्ज छापील असे आणि तो मुंबईच्या कार्यालयातूनच न्यावा लागे. अर्जाच्या पाठीवर दोन आजीव सभासदांची शिफारस व सह्या घेणे आवश्यक होते. आमच्या तालुक्यात आजीव सभासद एकही नव्हता. शंभर रुपये एकरकमी भरून आजीव सभासद होण्याची ऐपत असलेला मनुष्य तेव्हा गावात राहतच नसे, तो मुंबईस किंवा पुण्यास जाई. म्हणून वडिलांनी मला एस.टी.ने मुंबईस धाडले. पहिली सही दूरच्या नात्यातील एका गृहस्थांची लगेच मिळाली. दुसऱ्या सहीसाठी मी गिरगावातील एका चाळीच्या गॅलरीत दोन दिवस बसून होतो. ते गृहस्थ दुष्ट नव्हते. त्यांच्या घरी कार्य होते, आणि एका अनोळखी मुलाकडे लक्ष देण्यास कोणास सवड नव्हती. दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्यांच्या सौभाग्यवतींनी मला चहा दिला, काम विचारले आणि यजमानांना आत जाऊन सांगितले. सही मिळाली. त्या सहीवर माझे महाविद्यालयीन शिक्षण झाले, पुढे राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी लागली आणि कर्जाऊ शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता मी लग्नाच्या आदल्या वर्षी फेडला.

ही हकीकत मी पुष्कळदा कृतज्ञतेने सांगत आलो आहे. परंतु ज्या मुलांस ती दुसरी सही मिळाली नाही, ती मुले कोण होती, हा विचार माझ्या मनात चिटणीस होईपर्यंत कधी आला नव्हता. त्यांची नोंद आपल्या कोणत्याही वहीत नाही. अर्ज दाखलच न झाल्यामुळे तो नामंजूर झाल्याचीही नोंद नाही.

असो. जुन्या पद्धतीची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. माझ्या आधी ज्यांनी दीर्घकाळ हे चिटणीसपद भूषविले, त्यांचे स्मरण होताच आजही हात जोडले जातात. कार्यालय म्हणजे त्यांच्या राहत्या घरातील एक लोखंडी ट्रंक, एक आवक-जावक वही आणि त्यांची विलक्षण स्मरणशक्ती. कोणत्या घरातील मुलगा कितवीत आहे, कोणाचे वडील अंथरुणास खिळले आहेत, कोणी परतफेड टाळीत आहे आणि कोणास खरोखरच ती अशक्य आहे, हे सर्व त्यांस मुखोद्गत असे. पण जे स्मरणात असते ते मनुष्याबरोबर जाते. ते आजारी पडले त्या वर्षी ऐन अर्जांच्या हंगामात आम्ही ट्रंक उघडली, तेव्हा कोणत्या विद्यार्थ्याचा हप्ता गेला आहे आणि कोणाचा जावयाचा आहे, हे आम्हांस उमगेना. एका विद्यार्थ्यास एकाच सहामाहीची रक्कम दोनदा गेली. ती त्याने प्रामाणिकपणे परत केली म्हणून आम्हांस कळले. दुसऱ्या एकास काहीच गेले नाही. त्याने संकोचाने विचारले नाही आणि आम्हांसही ते वर्षअखेरीपर्यंत कळले नाही.

यावर काही उपाय करणे प्राप्त होते. यंत्राशी माझे जुने वैर, हेही येथे कबूल करून टाकतो. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी आपला अहवाल दिला, तेव्हा मी संघटनेचा तरुण सभासद होतो आणि संगणकाच्या विरोधात शाखेच्या दारात उभा राहून घोषणा देणाऱ्यांत माझा आवाज बराच वरच्या पट्टीत असे. पुढे खतावणीचे काम लेजर पोस्टिंग मशीनवर आले. महिनाअखेरीस ताळा जुळेना म्हणून रात्री दहापर्यंत थांबणारे आम्ही कारकून वेळेवर घरी जाऊ लागलो. नोकऱ्यांविषयीचे आमचे भय अगदीच निराधार नव्हते. परंतु ताळ्याच्या बाबतीत मात्र यंत्र आमच्यापेक्षा सरस ठरले, हे नाकारण्यात अर्थ नाही. तेव्हा निधीचे सॉफ्टवेअर घ्यावे, हा ठराव मांडणारा मीच होतो.

प्रथम आम्ही घरगुती प्रयोग केला. गूगल फॉर्मवर अर्ज मागविले आणि एक्सेलच्या तक्त्यात उतरविले. त्या तक्त्याच्या लवकरच पाच प्रती झाल्या, प्रत्येक सभासदाच्या संगणकावर निराळी, आणि त्यांतील अखेरची कोणती यावरून एक सभा वादळी झाली. त्यानंतर अशा निधींसाठीच तयार केलेली एक प्रणाली वार्षिक वर्गणीवर घेतली. आपल्याच ज्ञातीतील एक संगणक अभियंता तरुण ती बसवून देण्यास विनामूल्य पुढे आला. प्रसिद्धीची त्यास हौस नाही, म्हणून नाव घेत नाही.

या तरुणाने पहिल्याच बैठकीत आम्हांस निरुत्तर केले. तो म्हणाला, "काका, प्रणालीला नियम सांगावे लागतात. तुमचा नियम काय?" मी म्हणालो, "गरजू व होतकरू विद्यार्थ्यास साहाय्य करणे." तो म्हणाला, "गरजू म्हणजे कोण, ते चौकटीत कसे लिहू?"

ज्ञातिबंधूंनो, इतकी वर्षे आपण हा शब्द घटनेत, अहवालात आणि देणगीच्या आवाहनपत्रकात छापीत आलो. त्याचा अर्थ ठरविण्यास कार्यकारी मंडळाच्या तीन सभा लागल्या. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला प्रमाण मानावा, असे एक मत पडले. त्यावर कोकणातील एका सभासदांनी विचारले की, आंब्याच्या बागेचे उत्पन्न कोणत्या वर्षीचे धरणार? मोहोर टिकला त्या वर्षीचे, की फेब्रुवारीत अवकाळी पाऊस पडला त्या वर्षीचे? एकत्र कुटुंबातील चुलत्याचा पगार धरावयाचा की नाही? चुलता धाकट्या भावाच्या मुलीची फी भरतो काय, हे तहसीलदारांस ठाऊक नसते. मुंबईत स्वतःची खोली आहे म्हणून एखादी विधवा सधन ठरते काय? खोलीची किंमत पाहिली तर ती लक्षाधीश आहे. चूल पाहिली तर दोन वेळची भ्रांत आहे. तिसऱ्या सभेच्या अखेरीस आम्ही एक उत्पन्नमर्यादा ठरविली आणि तिच्या जोडीस अर्जदाराने आपली परिस्थिती स्वतःच्या शब्दांत लिहावी, अशी एक मोकळी जागा ठेवली. निधीच्या कारभारात जी काही सुधारणा झाली असेल, ती माझ्या मते त्या तीन सभांत झाली. संगणक अजून पेटीतून बाहेरही निघाला नव्हता.

मग आजीव सभासदांच्या दोन सह्यांची पाळी आली. ही अट कशासाठी, असे त्या तरुणाने विचारले. अर्जदार आपल्याच ज्ञातीतील आहे आणि त्याची हकीकत खरी आहे, याची खात्री पटावी म्हणून, असे उत्तर आम्ही दिले. तो म्हणाला, शाळेच्या मुख्याध्यापकांनी किंवा महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी परिस्थितीविषयी लिहून दिलेले चालणार नाही काय? चालेल, असे सर्वांनी एकमुखाने म्हटले आणि अर्ध्या मिनिटात ती अट गेली. मला त्या क्षणी गिरगावातील ती गॅलरी आठवली. ही अट काढावी असे इतक्या वर्षांत कोणी सुचविले नव्हते, आणि मीही सुचविले नव्हते.

दात्यांच्या नावे ठेवलेल्या ठेवींचा घोळ तर स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. 'मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयात ज्ञातीत प्रथम येणाऱ्या मुलास' अशी एका ठेवीची अट आहे. मॅट्रिक गेली, मुलगा हा शब्द मुलीस लागू करावा की काय याचा उलगडा नाही, आणि ठेवीचे व्याज आज एका संस्कृत कोशाच्या किमतीसही पुरत नाही. दात्याच्या इच्छेत आपल्या मनाने फेरफार करता येत नाही, त्यास कायद्याचा मार्ग धरावा लागतो. अशा ठेवी आम्ही प्रणालीत वेगळ्या नोंदवून ठेवल्या आहेत आणि वकील सभासदांचा सल्ला घेत आहोत. एक लाभ मात्र अनपेक्षित झाला. ट्रंकेतील कागदपत्रे स्कॅन करीत असता निधीच्या स्थापनेचा मूळ ठराव आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालील नोंदणीचा दाखला हाती लागला. एका जातीपुरत्या धर्मादाय निधीस करमाफी नाकारणारे कलम १९६१ च्या आयकर कायद्यात होते. परंतु तो कायदा १ एप्रिल १९६२ रोजी अमलात येण्यापूर्वी स्थापन झालेल्या निधींस ते लागू नव्हते. आपला निधी त्यापूर्वीचा आहे, हे सर्वांस तोंडी ठाऊक होते. लेखी पुरावा मात्र जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी पडला होता, त्यास कसर लागू लागली होती.

प्रणालीचे काम कसे चालते, ते थोडक्यात सांगतो. अर्जदार मोबाईलवरून किंवा संगणकावरून अर्ज भरतो, गुणपत्रिका व दाखले यांची छायाचित्रे जोडतो आणि त्यास एक अर्ज क्रमांक मिळतो. काही कागद राहिला तर त्यास स्मरणपत्र आपोआप जाते. पूर्वी अपुरा अर्ज ट्रंकेत तसाच पडून राही. छाननी समितीचे सभासद आपापल्या घरी बसून अर्ज वाचतात. एक भगिनी अमेरिकेत न्यू जर्सीहून हे काम करतात. आपली सकाळ ती त्यांची रात्र, त्यामुळे आम्ही उठतो तोवर त्यांचे टिपण तयार असते. वाचणाऱ्यास अर्जदाराचे नाव, आडनाव व गाव दिसत नाही. ही योजना मुद्दाम केली. आपल्या ज्ञातीत आडनाव कळले की गाव कळते, गाव कळले की घर कळते, आणि घर कळले की त्या घराशी आपले तीन पिढ्यांपूर्वी कशावरून बिनसले तेही आठवते. मंजूर रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जाते.

येथवर पहिला तट खूश झाला असेल. आता पहिल्या वर्षीच काय घडले, ते सांगतो. ते सांगितल्याविना खाली बसलो तर या व्यासपीठाशी अप्रामाणिकपणा होईल.

एकाच विद्यार्थ्याने दोन अर्ज करू नयेत म्हणून आम्ही प्रणालीस एक नियम घालून दिला होता: एकाच मोबाईल क्रमांकावरून एकाहून अधिक अर्ज आल्यास ते सर्व संशयित समजून बाजूस काढावेत आणि सात दिवसांत खुलासा न आल्यास नामंजूर करावेत. नियम वाजवी दिसत होता. त्या वर्षी असे सात अर्ज बाजूस निघाले, सात दिवस लोटले आणि ते नामंजूर झाले. जुलैच्या अखेरीस मंजुरीची यादी कार्यकारी मंडळापुढे आली, तीत ते सात क्रमांक नव्हतेच. पूर्वी ज्या सभेस तीन तास लागत, ती आम्ही चाळीस मिनिटांत आटोपली आणि एकमेकांचे अभिनंदन करून घरी गेलो.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात कार्यालयाच्या पत्त्यावर एक आंतर्देशीय पत्र आले. हल्ली पत्र येणे हीच नवलाची गोष्ट, म्हणून ते मी उभ्या उभ्याच फोडले. पत्र एका आईचे होते. मुलगी रत्नागिरीस परिचारिकेच्या शिक्षणक्रमास लागली होती. पत्रात पैशाची मागणी नव्हती, गाऱ्हाणे नव्हते. अर्ज नामंजूर झाल्याचे केंद्रावरून कळले, मुलीचे काय चुकले ते कृपा करून कळवावे, म्हणजे पुढील वर्षी तशी चूक होणार नाही, इतकेच लिहिले होते.

मी संगणक उघडून त्या अर्जापुढील 'नामंजुरीचे कारण' हा रकाना पाहिला. त्यात '०७' असे लिहिले होते. हे ०७ म्हणजे काय, ते मला त्या तरुणास दूरध्वनी करून विचारावे लागले. नियम माझ्याच सहीने संमत झाला होता, आणि त्याचा अर्थ मला दुसऱ्यास विचारावा लागला. ती माऊली माझ्यापुढे उभी असती तर मी तिला काय उत्तर देणार होतो?

मग अर्जावरील मोबाईल क्रमांकावर मी स्वतः फोन केला. तो तालुक्याच्या गावी ई-सेवा केंद्र चालविणाऱ्या एका गृहस्थाचा निघाला. तो म्हणाला, "साहेब, पोरांकडे स्वतःचा मोबाईल कुठला? घरात एक असतो, तो बाप कामावर घेऊन जातो. ओटीपी त्याच्याकडे जाणार, तो दिवसभर बागेत, तिथे रेंज नाही, आणि ओटीपी तर दहा मिनिटांत मरतो. म्हणून मी माझाच नंबर टाकतो. सगळ्या फॉर्मांना तोच टाकतो." खुलासा मागणारे संदेश त्यास सात वेळा गेले होते. त्याच्या मोबाईलवर दिवसाकाठी असे शेकडो संदेश येतात. त्याने ते उघडले नाहीत, आणि त्यात त्याचा अपराध आहे असे मला वाटत नाही.

सातही अर्ज काढून पाहिले. सात निरनिराळी मुले, सात निरनिराळी घरे, आणि तालुका राजापूर, म्हणजे माझा. नावे व गावे झाकण्याची योजना मीच आग्रहाने करविली होती, त्यामुळे माझ्याच तालुक्यातील सर्वच्या सर्व अर्ज गळाले तरी ते माझ्या दृष्टीस पडले नाहीत. १९७४ साली त्या तालुक्यातील मुलाजवळ दुसरी सही नव्हती. ती अट आम्ही मोठ्या समाधानाने काढून टाकली आणि तिच्या जागी स्वतःच्या मोबाईलची अट आणून बसविली. पहिली अट निदान अर्जावर छापलेली असे, ती वाचता येई. दुसरी कोठेच लिहिलेली नव्हती.

आम्ही तातडीची सभा घेतली आणि सातही अर्ज पुन्हा वाचले. त्यांपैकी पाच मंजुरीस पात्र होते. परिचारिकेच्या शिक्षणक्रमातील त्या मुलीच्या आईने पहिल्या हप्त्यासाठी पतपेढीत दागिना गहाण टाकला होता. निधीची रक्कम मिळाल्यावर तो सुटला. चौघांना रक्कम उशिरा का होईना पोचली. पाचव्या अर्जदाराने, एका मुलाने, तोवर पदविकेची जागा सोडून चिपळूणजवळ एका कारखान्यात काम धरले होते. मी त्याच्याशी दोनदा बोललो. पुढील वर्षी अर्ज कर, आम्ही विशेष बाब म्हणून विचार करू, असे सांगितले. तो अतिशय नम्रपणे 'हो काका' म्हणाला. त्याचा अर्ज आला नाही.

प्रणाली बंद करावी, अशी सूचना त्या सभेत आली होती. मी तिला विरोध केला आणि आजही करीन. त्याची कारणे दोन. ट्रंकेच्या काळात असे सात अर्ज गहाळ झाले असते तर ते गहाळ झाले हे कळण्यासही मार्ग नव्हता. येथे निदान ०७ तरी लिहिलेले सापडले, तारीख सापडली आणि चूक कोणाच्या सहीने झाली तेही सापडले. दुसरे असे की, चूक यंत्राने केलीच नव्हती. आम्ही त्यास सांगितले तेवढेच त्याने केले, आणि आम्ही जे पाहावयास हवे होते ते पाहण्याचे सोडून दिले होते.

मात्र काही गोष्टी आम्ही बदलल्या. यापुढे कोणताही अर्ज प्रणाली परस्पर नामंजूर करीत नाही. ती केवळ शंका दाखविते. प्रत्येक नामंजुरीखाली समितीच्या एका सभासदाने आपले नाव आणि सरळ मराठीत कारण लिहिले पाहिजे, आणि ते कारण अर्जदारास टपालानेही गेले पाहिजे. निर्णयाच्या सभेपूर्वी तालुकावार तक्ता काढला जातो. नावे झाकलेलीच राहतात, पण कोणत्या तालुक्यातून किती अर्ज आले व किती गळाले, ते दिसते. जेथे शून्य दिसते तेथे आम्ही विचारपूस करतो. नावांतील भेदाविषयीही आता सावध झालो आहोत. शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधार पत्रावर शेवटी असते, आणि बँकेच्या पासबुकात 'दीपक' हे नाव इंग्रजीत दोन प्रकारे लिहिलेले आढळते. संगणकाच्या लेखी ते दोन मनुष्य होतात. असे अर्ज आता बाजूस न पडता कोणीतरी डोळ्यांनी पाहतो.

या सर्वाचा परिणाम असा की, सभेस पुन्हा अडीच तास लागू लागले आहेत. काही तरुण सभासदांस हे मागे जाणे वाटते. त्यांस मी एवढेच सांगतो की, याद्या, हप्ते, स्मरणपत्रे व हिशेब यांत जो वेळ पूर्वी जाई तो सर्व वाचला आहे. तो कोठे खर्च करावयाचा, हे ठरविण्यास आपण मोकळे आहोत.

दुसऱ्या तटाची एक तक्रार मला मनापासून मान्य आहे. पूर्वी या संमेलनात शिष्यवृत्तीवाटपाचा समारंभ होई. विद्यार्थी व्यासपीठावर येत, वडीलधाऱ्यांच्या हातून पाकीट घेत, नमस्कार करीत. आता रक्कम खात्यात जाते, आणि मुलांचे चेहरे आपणांस दिसत नाहीत. मलाही ते पाकीट आठवते, पाठीवर पडलेला हात आठवतो. पण ध्वनिक्षेपकावरून 'गरीब व गरजू विद्यार्थी' असे शब्द माझ्या नावाच्या आधी उच्चारले गेले, आणि समोर माझ्याच वर्गातील एक मुलगा आपल्या आईवडिलांसह बसला होता, हेही मला तितकेच स्पष्ट आठवते. म्हणून यंदा आम्ही सर्वच उत्तीर्ण विद्यार्थ्यांचा मेळावा घेतला. त्यांत साहाय्य घेणारे कोण आणि न घेणारे कोण, हे कोणास सांगितले नाही. ज्येष्ठांनी सर्वांच्याच पाठीवर हात ठेवला.

कित्येक मंडळी 'यंदा कोणाकोणास दिले?' असे सहज विचारतात, त्यांस माझी नम्र विनंती की विचारू नये. अर्जात घरची मिळकत असते, आजारपणे असतात, क्वचित घरातील दुःखेही लिहिलेली असतात. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यात अठरा वर्षांखालील मुलामुलींची माहिती घेण्यास पालकांची पडताळून घेतलेली संमती आवश्यक ठरविली आहे. आपले कित्येक अर्जदार सोळा-सतरा वर्षांचे असतात. नव्या अर्जात त्या संमतीची जागा ठेवली आहे, ती पालकांनी वाचून भरावी. कायदा नसता तरी हे पथ्य पाळावयास हवेच होते. जुने चिटणीस ते पाळीत, त्यांच्या ट्रंकेची किल्ली जानव्यास असे.

आता कामाचे बोलतो आणि रजा घेतो. कागदी अर्ज आम्ही पुन्हा सुरू केला आहे. तो भरून टपालाने पाठविल्यास कार्यालयातील स्वयंसेवक प्रणालीत उतरवून घेतील. क्रमांक व पोच टपालाने मिळेल. त्यास मोबाईल लागणार नाही. प्रत्येक तालुक्यास एक साहाय्यक असावा, त्याने मुलांबरोबर बसून अर्ज भरून घ्यावा आणि खुलासा मागितला गेल्यास तो घरापर्यंत पोचवावा, अशी योजना आहे. राजापूर, लांजे आणि देवगड या तालुक्यांस साहाय्यक मिळाले आहेत. वैभववाडी, कणकवली आणि घाटावरील शाहूवाडी यांस अद्याप कोणी मिळालेले नाही. येथे बसलेल्यांपैकी ज्यांचे घर किंवा सासर त्या बाजूस असेल, त्यांनी मंडपाच्या डाव्या दाराशी मांडलेल्या टेबलावर आपले नाव द्यावे. छापील अर्जही तेथेच ठेवले आहेत, गावी जाताना पाच-दहा घेऊन जावेत. टेबल नाटकाच्या पहिल्या अंकापर्यंत उघडे राहील.